स्लॅबमधलं नाणं तरी काळं का पडतं? नवा होल्डर घेण्याआधी हे तपासा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कपाटं उघडतात, नाण्यांचे डबे खाली येतात आणि दरवर्षी तेच फोन सुरू होतात. मे महिन्यात पांढराशुभ्र दिसणारा स्लॅबमधला (म्हणजे ग्रेडिंग कंपनीने कडक प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बंद करून दिलेला) रुपया आता कडेने पिवळा पडलाय, तांब्याचा पाव आणा 'रेड', म्हणजे मूळचा लाल रंग टिकलेला म्हणून चांगले पैसे मोजून घेतला होता तो चॉकलेटी झालाय, प्लास्टिकच्या आत काहीतरी धुरकट दिसतंय, स्लॅब हलवला की नाणं वाजतंय, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य सारखंच, अहो पण ते तर सीलबंद होतं ना! मग लगेच पुढचा प्रश्न, यापेक्षा भारी होल्डर कुठला घेऊ?

जरा थांबा. भारी होल्डर घेऊन हा प्रॉब्लेम जात नाही, कारण बहुतेक वेळा प्रॉब्लेम होल्डरचा नसतोच, होल्डर ज्यात ठेवलाय त्याचा असतो.

स्लॅब हवाबंद नसतो. नाण्यांना दर्जा म्हणजे ग्रेड देणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या, पीसीजीएस १९८६ मध्ये आली, एनजीसी १९८७ मध्ये, आणि दोघांनी नाणं प्लास्टिकच्या दोन भागांमध्ये ठेवून कडेने अल्ट्रासोनिक वेल्डिंगने जोडायची पद्धत रुजवली, ती मुळात भरवशासाठी. म्हणजे १ ते ७० च्या स्केलवर जो ग्रेड दिला तो त्याच नाण्याचा आहे, मधे कुणी नाणं बदललेलं नाही, कुणी बोट लावलेलं नाही, एवढी खात्री. हवामानापासून वाचवायचं हे काम त्याच्याकडे कधी नव्हतंच आणि या कंपन्या स्वतःही सांगतात की आमचे होल्डर एअरटाइट नाहीत. वेल्डच्या कडेला बारीक फटी राहतात, शिवाय प्लास्टिक स्वतः सुद्धा थोडीफार वाफ आणि वायू आत जाऊ देतं. सुक्या हवेच्या गावात हे वर्षानुवर्षं कळत नाही. दादर, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर घरातलीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, तिथे ते एका पावसाळ्यातही दिसू शकतं.

चांदीची समई आणि देवाचं ताम्हण पावसाळ्यात जसं काळवंडतं तसंच हे आहे, हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीवर बसून सिल्व्हर सल्फाइडचा थर होतो, थर पातळ असेपर्यंत पिवळा, सोनेरी, मग जांभळट, निळा, आणि जाड झाला की काळा. स्लॅबने हे सगळं हळू होतं, थांबत नाही.

आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा

हे लोक करतच नाहीत आणि थेट रीहोल्डरच्या (कंपनीकडून नाणं नव्या होल्डरमध्ये घालून घेण्याच्या) चौकशीला लागतात. स्लॅब मायक्रोफायबरच्या किंचित ओलसर कपड्याने बाहेरून पुसा (साधं पाणी, दुसरं काही नाही), खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच टेबल लॅम्प लावा आणि दहा पटीच्या भिंगातून स्लॅब तिरका करत करत बघा. डाग नाण्याबरोबर एकाच जागी राहिला तर तो नाण्यावर आहे, तिरका केल्यावर डाग सरकल्यासारखा वाटला तर तो प्लास्टिकवर आहे, बाहेरून किंवा आतून. अर्ध्याअधिक लोकांची काळजी इथेच संपते कारण ते 'नाण्यावरचे' ओरखडे स्लॅबवरचे निघतात.

नाण्यावरच असेल तर नंतरचा प्रश्न, आधीपासून होतं की आता आलंय. आठवणीवर जाऊ नका, आठवणीतलं नाणं नेहमीच जास्त पांढरं असतं. स्लॅबच्या लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर टाकून कंपनीच्या साइटवर फोटो निघतो का ते बघा, बऱ्याच नाण्यांचा निघतो. नसेल तर विकणाऱ्याने पाठवलेला फोटो काढा. आणि इथून पुढे स्लॅब घरात आला की त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो एकाच दिव्याखाली, एकाच अँगलने, हा नियमच करून टाका.

बदल खरंच झालाय असं ठरलं की तो कसा पसरलाय ते बघायचं, कारण त्यावरून कारण कळतं. कडेने सुरू होऊन आत सरकणारा, बऱ्यापैकी सारखा रंग म्हणजे बाहेरची हवा आत जातेय, किंवा नाण्याभोवतीच्या रिंगमधून काहीतरी सुटतंय. अक्षरांच्या भोवती, मुकुटाच्या खाचांत, ओघळल्यासारखे ठिपके आणि पट्टे म्हणजे नाणं स्लॅबमध्ये जायच्या आधीच त्यावर काहीतरी राहिलं होतं, बहुतेक वेळा कुणीतरी चांदी उजळायच्या डिपमध्ये बुडवून नीट धुतलं नव्हतं. हे रसायन नाण्याबरोबर आत बंद झालं, आता ते कुठल्याही डब्यात ठेवा, आपलं काम करत राहणार. तांब्यावर अचानक उमटलेला अंगठ्याचा ठसा हाही त्यातलाच, घामातलं मीठ आधीच लागलेलं असतं, ठसा दिसायला वर्षं जातात आणि दोष मात्र सध्याच्या मालकाच्या माथी. हिरवट, चिकट, तेलकट थर म्हणजे पीव्हीसी, त्याबद्दल खाली सविस्तर.

आणि चांदीच्या नव्या बुलियन (म्हणजे धातूच्या भावाने गुंतवणुकीसाठी विकल्या जाणाऱ्या) नाण्यांवर पांढरे दुधाळ ठिपके आले असतील तर होल्डरला दोष देऊ नका. ते मिंटमध्ये (टांकसाळीत) तयार होतानाच्या प्रक्रियेतून येतात, कॅनडाच्या मेपल लीफचा हा इतका बोभाटा झाला की तिथल्या मिंटने २०१८ मध्ये मिंटशील्ड नावाची वेगळी प्रक्रियाच आणली. असे ठिपके होल्डरने ना येत ना जात.

पीव्हीसी, म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातलं पाऊच

स्लॅबला ओरखडे पडू नयेत म्हणून लोक वरून एक पाऊच घालतात, चांगली सवय आहे. पण ते कुठून आणतात तर स्टेशनरीच्या दुकानातून आयकार्ड घालायचं मऊ, जाड, चकचकीत पाऊच, ज्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. तो वास म्हणजेच प्लास्टिसायझर. मऊ पीव्हीसीत ते मिसळलेलं असतं, वर्षभरात ते बाहेर यायला लागतं, सोबत पीव्हीसी स्वतः मोडत जाऊन हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं, आणि तांबं असलेल्या कुठल्याही धातूवर त्याचा हिरवा चिकट थर बसतो. स्लॅबमध्ये असलेल्या नाण्याला धोका कमी, स्लॅब मधे आहे म्हणून, पण स्लॅब तेलकट आणि धुरकट होतो, आणि तेच पाऊच उघड्या नाण्याला वापरलं तर नाणं गेलंच. १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात तर चांदी फक्त ५० टक्के, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त, त्यामुळे आधीच्या ९१.६७ टक्के चांदीच्या रुपयापेक्षा हा रुपया पीव्हीसीत फार लवकर हिरवा होतो. आपल्याकडच्या ३५ ग्रॅमच्या ४४ मिलिमीटर स्मारक नाण्यांचा धातूही हाच बरं का, वर्षानुवर्षं मिंटचे सेट याच मिश्रधातूत आलेत.

हातातलं पाऊच कसलं आहे हे ओळखायला लॅब लागत नाही. त्याचा छोटा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यात तो पूर्ण बुडवा आणि सोडा. तरंगून वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, बिनधास्त वापरा. तळाला गेला तर दोन शक्यता, पीव्हीसी किंवा पॉलिएस्टर म्हणजे ज्याला मायलर म्हणतात ते. मायलर कडक असतं, चुरगळलं की कुरकुर वाजतं, वास नसतो, ते चांगलं. मऊ आणि वासाचं असेल तर फेकून द्या. अजून शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवीगार झाली म्हणजे क्लोरीन आहे, पीव्हीसी आहे. खिडकी उघडी ठेवून आणि अगदी टिचभर तुकड्यावरच करा, तो धूर छातीत जाणं चांगलं नाही.

पीव्हीसीचा थर उघड्या नाण्यावर आला असेल तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, थोडा वेळ बुडवून, न घासता, दुसऱ्यांदा ताज्या ॲसिटोनमध्ये आणि मग आपोआप वाळू द्यायचं, गॅस किंवा उदबत्ती जवळपास नको, ते पटकन पेट घेतं. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. आणि ॲसिटोन स्लॅबला किंवा कॅप्सूलला (एका नाण्याच्या गोल प्लास्टिकच्या डबीला) चुकूनही लावू नका. स्लॅबवर स्टिकरचा गोंद राहिलाय म्हणून कुणी ॲसिटोनचा बोळा फिरवला की प्लास्टिक विरघळून कायमचं पांढरं होतं. गोंदासाठी बोटाने चोळून निघेल तेवढं काढा, बाकी साबणाचं पाणी किंचित लावलेलं फडकं, पण जोडाच्या फटीत पाणी जाणार नाही असं.

खरा होल्डर म्हणजे बाहेरचा डबा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी पैसे इथे लागतात, तरी लोक हजारोंचे स्लॅब पुठ्ठ्याच्या खोक्यात रबरबँड लावून ठेवतात. रबर गंधक सोडतं. पुठ्ठा, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड, मखमली अस्तराच्या डब्या, कुठलाही रंगीत स्पंज, यांतलं काहीही नाण्यांच्या डब्यात नको. प्लायवूड आणि एमडीएफच्या कपाटातून फॉर्मॅल्डिहाइड आणि सौम्य आम्लांची वाफ निघते, नवीन फर्निचरला जो वास येतो तो हाच, आणि बंद ड्रॉवरमध्ये तो साठून राहतो. जुनं स्टीलचं कपाट यापेक्षा कितीतरी बरं. फक्त ते बाथरूमच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या छपराखाली नसावं, विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालची खोली कशी तापते ते सांगायला नको, आणि उष्णतेने प्लास्टिकमधून जे काय सुटायचं ते जास्त सुटतं.

स्लॅबचे खास बॉक्स मिळतात, साधारण वीस स्लॅबचे. घेताना एकच लक्षात ठेवा, एनजीसीचा स्लॅब पीसीजीएसपेक्षा किंचित मोठा आणि जाड असतो. पीसीजीएसच्या मापाच्या बॉक्समध्ये एनजीसी कोंबला तर तो अडकतो आणि ओढून काढताना कोपरा चिरतो, उलट केलं तर पीसीजीएस खुळखुळतो. दोन्ही कंपन्यांचा माल असेल तर दोन वेगळे बॉक्स घ्या किंवा खाचा नसलेला मोठा बॉक्स घेऊन प्रत्येक स्लॅबला पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह घाला. जाड पदकं वगैरे ओव्हरसाइज स्लॅबमध्ये येतात, ते यांत बसतच नाहीत, त्यांची वेगळी व्यवस्था.

पण हे बॉक्सही हवाबंद नसतात हो. म्हणून बॉक्स पुन्हा एका मोठ्या घट्ट डब्यात जायला हवा. स्वयंपाकघरात वापरतो तो चार बाजूंनी लॉक होणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा, एवढं पुरतं. नवा कोरा घ्या, लोणच्याचा धुतलेला नको. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. हायग्रोमीटरवर आर्द्रता ५० च्या खाली राहायला हवी, ३५ ते ४५ मध्ये राहिली तर उत्तम. स्वस्त मीटर खोटं बोलतात, तेव्हा आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुमचं मीटर पाच कमी दाखवतं, तेवढं मनात धरून चला.

सिलिका जेलचा लोकांनी नुसता गैरसमज करून घेतलाय. उघड्या ड्रॉवरमध्ये चार पुड्या टाकल्या की काम झालं असं नसतं, पावसाळ्यात त्या पुड्या बघता बघता भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात, घट्ट झाकण असेल तरच त्यांचा उपयोग. रंग बदलणारं जेल घ्या. निळं ते गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, घरात लहान मुलं असतील तर केशरी ते हिरवं होणारं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशावर दोनेक तास, की परत तयार. जेलचे सुटे दाणे नकोत, बंद पुड्याच घ्या, दाण्यांची पूड स्लॅबवर बसली की पुसताना ओरखडे.

गंधकासाठी वेगळे ॲन्टी-टार्निश कागद आणि पट्ट्या मिळतात, काहींत ॲक्टिव्हेटेड कार्बन असतं. इंटरसेप्ट नावाचं तंत्र, जे मुळात बेल लॅब्समधून आलं, त्यात प्लास्टिकमध्येच तांब्याचे कण असतात, ते गंधक आधी स्वतःवर घेतात. चांगल्या वस्तू आहेत, खाडीच्या किंवा नाल्याच्या जवळ राहत असाल तर जरूर घ्या, ओहोटीला जो वास येतो तोच चांदीचा शत्रू. पण ओलावा आटोक्यात नसताना नुसत्या पट्टीवर पैसे घालणं मला पटत नाही. आधी डबा आणि जेल, मग पट्टी.

डांबर गोळ्या मात्र अजिबात नाहीत! कपाटात साड्यांसाठी ठेवलेल्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करते, कॅप्सूल चिकट होतात, धुरकट होतात. स्लॅबच्या आत न पुसता येणारं धुकं दिसत असेल तर आधी आईला किंवा बायकोला विचारा त्याच कपाटात गोळ्या टाकल्यात का.

बँकेच्या लॉकरबद्दल पण सांगतो. लॉकर चोरीपासून सुरक्षित, दमटपणापासून नाही, बऱ्याच शाखांचे लॉकर तळघरात असतात. तिथेही हाच घट्ट डबा न्या. एसीतल्या थंड लॉकर रूममधून डबा बाहेरच्या दमट हवेत आणला की लगेच उघडू नका, थंड नाण्यावर वाफ बसते, तासभर तसाच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. आणि पावसाळी दिवशी कौतुकाने डबा उघडून पाहुण्यांना दाखवत बसलात तर आतली सगळी सुकी हवा गेली असं समजा.

नाणं वाजतंय, फिरलंय, कड दिसत नाही

नाणं आत वाजत असेल तर घाबरायचं कारण नाही, पण बघून ठेवा. पीसीजीएसच्या अगदी सुरुवातीच्या छोट्या स्लॅबमध्ये नाणी वाजायचीच, त्यांना 'रॅटलर' हे नावच पडलंय आणि ते जुने होल्डर म्हणून लोक त्यांना जास्त पैसे देतात, एनजीसीच्या जुन्या जाड स्लॅबलाही तसे चाहते आहेत. तेव्हा जुना स्लॅब बघून लगेच नव्या होल्डरमध्ये टाकायची घाई नको. नवीन स्लॅबमध्ये वाजत असेल तर पोस्टाने पाठवताना मात्र काळजी, हादऱ्याने कडेला घासतं. नाणं तिरकं फिरलं असेल तर स्लॅब तळहातावर हळूच टकटक करून थोडं सरळ होतं, टेबलावर आपटून नाही.

कड दिसण्याचा मुद्दा आपल्या नाण्यांत खरंच महत्त्वाचा आहे. चाळीसच्या दशकातल्या रुपयाची सिक्युरिटी एज (नक्कल होऊ नये म्हणून कडेवर केलेली खास खाच) बघायचीय आणि रिंगने पूर्ण कड झाकलीय, मग काय कळणार? त्यासाठी नाणं तीन-चार टेकूंवर धरणारा, कड मोकळी ठेवणारा एज व्ह्यू होल्डर असतो. टेकूंच्या जागी कडेचा छोटासा भाग झाकला जातो एवढंच. ग्रेडिंगला देताना किंवा रीहोल्डर करताना हे विचारून घ्या, नंतर हळहळण्यात अर्थ नाही.

अजून स्लॅब न केलेली नाणी कॅप्सूलमध्ये ठेवणार असाल तर व्हर्नियरने मापा, अंदाजाने नको. ब्रिटिश रुपया साडेतीस मिलिमीटरच्या थोडा वर, १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं ३४, मोठी स्मारक नाणी ४४. थेट मापाचं कॅप्सूल मिळालं तर तेच घ्या, फोमच्या रिंगवाल्याने सगळी मापं भागतात खरी पण रिंग साधी काळी स्वस्तातली असेल तर तिच्यातूनच कडेला रंग चढतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरला स्टेपलर मारून ठेवता ते तर कोकणात चालतच नाही, पिना गंजतात आणि गंज आत उतरतो. आणि बाजारात कोरे स्लॅब मिळतात, त्यात आपलं नाणं घालून आपण छापलेलं लेबल लावता येतं, साठवायला ते ठीकच, पण तसा स्लॅब 'ग्रेडेड' म्हणून कुणी विकत असेल तर पुढे चला. नामांकित कंपन्यांचे नकली स्लॅब पण येतात, तेव्हा सर्टिफिकेट नंबरचा फोटो आणि हातातलं नाणं खरडी-ठिपक्यांसकट जुळवून बघा, नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका.

शिवराईचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचा, वेगळाच कारभार. जाड, वेडीवाकडी, एकाही कॅप्सूलच्या मापात न बसणारी, आणि मातीतून निघालेलं तांबं, त्यामुळे तिच्यात क्षार मुरलेले. फिकट हिरवी भुकटी झटकली की परत येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे, ज्याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, आणि अशी शिवराई स्लॅबमध्ये किंवा घट्ट कॅप्सूलमध्ये बंद करून उपयोग नाही, ती आतल्या आत खात राहते. तिला बाकीच्या नाण्यांपासून वेगळ्या डब्यात, मायलरच्या मोकळ्या फ्लिपमध्ये (दुमडत्या पाकिटात), आणि आर्द्रता ४० च्या खाली. लाल तांब्याच्या पाव आण्याचंही तसंच कडक पथ्य, एकदा रेडचा रेड-ब्राऊन झाला की परत फिरत नाही, आणि साठवणीमुळे बदललेल्या रंगाची भरपाई ग्रेडिंग कंपनीकडून मिळेल या आशेवर राहू नका.

स्लॅबवर ओरखडे, आणि शेवटचा उपाय म्हणजे फोडणं

ओरखडे बारीक असतील तर प्लास्टिक पॉलिशने जातात. कापसावर अगदी थोडं घेऊन, जोडाच्या फटीपासून लांब राहून, हळू गोल फिरवत. टूथपेस्ट नको, तिने सगळा स्लॅब मंद होतो. १९११ चा 'पिग' रुपया, ज्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गोंधळ झाला, तो विकताना गिऱ्हाईक भिंग घेऊन नेमका तो हत्तीच बघणार आणि ओरखडा नेमका त्यावर असेल तर भाव पडतो, तिथे पॉलिशचा वेळ सार्थकी लागतो. खोल चीर असेल तर रीहोल्डर.

स्लॅब फोडायचा विचार मात्र फक्त दोन वेळा करा, आत पीव्हीसी स्पष्ट दिसतंय किंवा डिपचं रसायन नाणं खात चाललंय तेव्हा. हातोडा मधोमध मारू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून मजबूत कटरने कोपरे आधी तोडा, डोळ्यांना चष्मा, लेबल जपून ठेवा आणि कंपनीला कळवा म्हणजे तो नंबर यादीतून निघेल. बाहेर काढल्यावर काळं दिसतंय म्हणून चिंच, रांगोळी, पितांबरी यांच्याकडे वळू नका, ते देवाच्या भांड्यांसाठी आहे, घासलेलं नाणं परत ग्रेडिंगला गेलं की 'क्लीन्ड' असा शेरा घेऊन येतं आणि किंमत तिथेच संपते.

फोडण्याआधी अजून एक गोष्ट, आणि ही अनेकांच्या डोक्यातच नसते. १९७२ चा आपला पुरावस्तू कायदा, ज्याला सगळे अँटिक्विटीज ॲक्ट म्हणतात, त्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठीही नाही, कुरिअरने मित्राकडे अमेरिकेलाही नाही. परदेशात स्लॅब झालेला जुना रुपया तुम्ही इथे विकत घेऊन फोडलात तर तो परत त्याच कंपनीकडे बाहेर पाठवायचा रस्ता बंद, नाणी साफ करून देणारी एनजीसीचीच जोडकंपनी एनसीएस आहे तिच्याकडेही नाही. पाचव्या जॉर्जचे रुपये १९२२ ला थांबले, म्हणजे ते झाडून सगळे या रेषेपलीकडे गेलेत, १९३८ च्या रुपयाला अजून अवकाश आहे. पाचव्या जॉर्जचा पाव आणा मात्र १९३६ पर्यंत निघत होता, तेव्हा त्यातलं दरवर्षी एकेक साल या यादीत जातंय, तुमच्याकडचा कुठल्या सालचा आहे ते लेबलवर बघा आणि मगच कटर हातात घ्या.